उसनी डबी

मिसळ खायला जाताना घरचा कांदा सोबत नेणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. नाशिकमध्ये मिसळ कुठली चांगली यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात, पण कांद्यावरून कुणी वाद घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या बाई घालायच्या, आणि तोही आवाज न चढवता. वेटरने कांदा-लिंबाची ताटली ठेवली की ती दोन बोटांनी टेबलाच्या कडेला सरकवायच्या, पर्समधून सोललेला कांदा आणि सुरी काढायच्या आणि तिथेच बसून बारीक चिरायच्या. एकदा मालक स्वतः गल्ल्यावरून उठून आला. "ताई, आमचा कांदा ताजा असतो," म्हणाला. बाई म्हणाल्या, "कांदा ताजा आहे हो. चिरणाऱ्याची नखं बघितलीत का?" मालकाने आत जाऊन खरंच बघितली असावीत, कारण थोड्या वेळाने भटारखान्यातून कुणालातरी झापल्याचा आवाज आला. बाई मात्र शांतपणे खात होत्या. रस्सा उकळलेला असतो, त्यामुळे त्यावर त्यांचा आक्षेप नव्हता. तर्रीसकट दोन वाट्या प्यायच्या.

बाई म्हणजे पंचवटीकडच्या एका सरकारी दवाखान्यातल्या लॅब टेक्निशियन. मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले तेव्हा नुकतीच डीएमएलटी, म्हणजे लॅबची पदविका, पास झाले होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेली, वर्गात पहिली आलेली, आणि मला न कळणारं जगात फारसं काही उरलेलं नाही अशा थाटात वावरणारी. मला वाटलं होतं, रक्ताच्या मोठ्या यंत्रावर बसवतील. बाईंनी माझ्यापुढे सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, आयोडीनची बाटली आणि लहान मुलांच्या शौचाच्या अकरा डब्या ठेवल्या.

"रक्त यंत्राला कळतं," त्या म्हणाल्या. "हे माणसालाच बघावं लागतं. बस."

मी घरी जाऊन रडले. आईने विचारलं काय झालं, तर सांगायचीही लाज वाटली.

त्या डब्यांचं काय सांगावं! आम्ही दिलेल्या प्लास्टिकच्या डब्या बायका भाजीच्या बिया ठेवायला वापरायच्या आणि नमुना भलत्याच कशात तरी पाठवायच्या. कुंकवाची डबी यायची, चुन्याची यायची, काजळाची यायची. एकदा श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा आला, तोही काठोकाठ. मी नाक दाबून दोन पावलं मागे सरले. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आणणाऱ्या आजोबांना म्हणाल्या, "एवढं कशाला आणलंत? पण आणलंत हे बरं केलंत." आजोबा खूश होऊन गेले.

बाईंचं एकच वेड होतं. आजारी मुलांची तपासणी सगळेच करतात. बाईंना हवी असायची ठणठणीत मुलं. अंगणवाडीतली, तीन-चार वर्षांची, गालाला लाली असलेली, ज्यांच्या आया "याला काय झालंय?" असं छाती काढून विचारतात, ती मुलं. "आजारी पोर रडून सांगतं," त्या म्हणायच्या. "जे रडत नाही त्याला विचारायला कुणी जायचं?" आमचे डॉक्टर वैतागायचे. आजाऱ्यांची रांग गेटपर्यंत, आणि या बाई चांगल्या मुलांच्या मागे. एका सुदृढ बालक स्पर्धेत बाईंना बक्षीस द्यायला बोलावलं होतं. त्यांनी पहिल्या आलेल्या बाळाला करंडक दिला, त्याची नखं निरखली आणि त्याच्या आईच्या हातात स्टेजवरच एक रिकामी डबी ठेवली. त्यानंतर त्यांना कुठल्याही बक्षीस समारंभाला बोलावलेलं मला आठवत नाही.

मला वाटायचं, हा निव्वळ विक्षिप्तपणा आहे. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारून सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. जुलाब झालेल्या एका मुलाचा ताजा नमुना होता. भिंगाखाली काहीतरी झाडाच्या गळत्या पानासारखं डोलत पुढे येत होतं आणि त्याला चक्क दोन डोळे होते. ते माझ्याकडे बघत होतं. मी दचकून मान वर काढली.

"बघतंय ना?" बाई हसल्या. "जिआर्डिया. डोळे नाहीत ते, पण पहिल्यांदा सगळेच घाबरतात. याचं अंगावर कवच घेतलेलं रूप असतं, ते हलत नाही, डोलत नाही. ते एखाद्या मुलाच्या पोटात महिनोन् महिने बसतं आणि त्या मुलाला पत्ता नसतो. खातं, पितं, खेळतं. आणि हातावरून दुसऱ्याला देतं."

त्या दिवशी माझा ताठा थोडा उतरला. पुढे पुढे तर मी थक्क होत गेले. काचपट्टी बघून बाईंना कळायचं की या घरात टोमॅटो सालासकट खातात, या मुलाने काल पेरू खाल्लाय, याची आजी त्याला तुपाचा भात जरा जास्तच भरवते. एखाद्याच्या घरात न जाता घरातलं सगळं त्यांना दिसायचं. आणि त्यातलं एक अक्षर त्या बोलायच्या नाहीत. "ज्याला औषध आहे तेवढंच रिपोर्टात लिहायचं," हा त्यांचा नियम होता. "बाकीचं आपण पाहिलं आणि विसरलो." मला हे अशास्त्रीय वाटायचं. छापील फॉर्मवर मांसतंतूंचा, म्हणजे खाल्लेल्या मांसाच्या न पचलेल्या धाग्यांचा, रकाना असतो, तो त्या रिकामा का सोडतात हे मला कळायचं नाही.

दुसरा नियम डब्यांचा. मुलाचं नाव, बापाचं नाव, वस्ती, वेळ, सगळं डबीवर, झाकणावर आणि वहीत. "माझ्या हातून आजवर एक डबी बदललेली नाही," हे वाक्य त्या वर्षातून एखाद्या वेळीच बोलायच्या, पण बोलताना साडीचा पदर नीट करायच्या. एकदा घरी जाताना द्वारका चौकापर्यंत पोचल्यावर त्यांना एका नंबरची शंका आली. रिक्षा वळवून परत आल्या, कुलूप उघडायला लावलं, डबी बघितली. नंबर बरोबर होता. चहासुद्धा न घेता परत गेल्या.

आता त्या घराकडे येते.

मखमलाबादच्या पलीकडे मळ्यात एक कुटुंब राहायचं. शेवंती, झेंडू, थोडी मेथी-कोथिंबीर. सगळे माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं टरफलही येत नसे. आजीचा शब्द शेवटचा. सून ओझरची, वडील तिथल्या विमानाच्या कारखान्यात. माहेरी सगळं खाल्लं जायचं, पण लग्न झाल्यावर तिने ते सोडलं होतं. तिला दोन मुलं. मोठी मुलगी चार वर्षांची आणि धाकटा दहा महिन्यांचा.

या धाकट्याने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. पंधरा दिवस बरा, मग जुलाब. औषध दिलं की थांबायचे, परत सुरू. प्रत्येक वेळी त्याच्या डबीत जिआर्डिया. वजन दर महिन्याला थोडं थोडं उतरत होतं. शेवटच्या वेळी सलाइन लावावं लागलं, तेव्हा त्याला शिरच सापडेना. डॉक्टर बाजूला येऊन आम्हाला म्हणाले, "असं आणखी एकदोनदा झालं, तर हे बाळ सोसणार नाही."

बाईंनी सुनेला एकच विचारलं. "घरात दुसरं मूल आहे?"

"मोठी हाय. पन तिला काय बी नाय, बाई. दिसभर वावरात उड्या मारती. ह्याला भरवती बी तीच. माझ्या हातून खातच नाय हा, ताईच लागती."

"मग ताईची डबी आणा," बाई म्हणाल्या.

डबी आली त्या दिवशी बाई भाचीच्या लग्नाला संगमनेरला गेल्या होत्या. मी एकटीच होते. काचपट्टी केली, बघितली. जिआर्डिया नाही, जंतांची अंडी नाहीत, काही नाही. फक्त मांसतंतू होते, पुस्तकातल्या चित्रासारखे, त्यांच्यावरच्या आडव्या रेषांसकट. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं! फॉर्मवरचा तो कायम रिकामा राहणारा रकाना मी भरला. 'मांसतंतू: आढळले.' खाली रेघही ओढली. अंगणवाडीताईंनी रिपोर्टचा फोटो मुलीच्या बापाला मोबाइलवर पाठवला, आणि त्याने तो झेंडूच्या ढिगाशी बसून आईला सहज वाचून दाखवला.

दोन दिवसांनी, बाई परत आल्यावर, अंगणवाडीताई डोळे पुसत आमच्याकडे आल्या. त्यांनी सांगितलं ते असं. आजीने सुनेला विचारलं, पोरीला मटण कुठं चारलंस? सुनेने खरं ते सांगितलं. त्या सकाळी मुलीला शी झालीच नाही. अंगणवाडीताई डबीसाठी दारात उभ्या. रिकामी डबी कशी द्यायची, म्हणून शेजारणीने आपल्या मुलाचं थोडं दिलं. शेजारणीच्या घरी आदल्या दिवशी कोंबडी होती.

आजी म्हणाली होती, "इरजण उसनं आनत्यात, मीठ उसनं आनत्यात. हे कुनी उसनं आनतं का?"

शेजारणीला बोलावलं. ती लाजेने मेली, हात जोडून म्हणाली, मला काय बी ठावूक नाय. झालं. सून दोनदा खोटी ठरली. माहेरी नेऊन पोरीला चारते, वर खोटं बोलते. आजीने तिला ओझरला जायला सांगितलं होतं, मुलांना इथेच ठेवून. आणि दवाखान्याचं माणूस परत दारात नको, औषधही नको, असं बजावलं होतं. धाकट्याचे जुलाब कालपासून पुन्हा सुरू झाले होते.

खरं सांगते, उसन्या डबीचं ऐकून मला आधी हसू आलं. मग बाईंकडे बघितलं आणि ते विरलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "माळकरी घर आणि मांसतंतू," त्या म्हणाल्या. "हे दिसल्यावर डबी त्या घरची नाही, हे तुला तिथेच कळायला हवं होतं. दुसरी मागवायची. लिहायचं कशाला?"

"मी जाऊन सांगते ना, डबी उसनी होती म्हणून. सून खरं बोलतेय."

"सुनेने सांगितलंच की. कुणी ऐकलं?"

आम्ही रिक्षाने निघालो. रस्ताभर बाई बाहेर बघत होत्या. मला वाटलं, आजीला समजावतील, शास्त्र सांगतील, फार तर डॉक्टरांचं नाव पुढे करतील. ओट्यावर आजी शेवंती निवडत होती. सून पिशवी भरून दाराच्या आत बसली होती. बाळ तिच्या मांडीवर होतं आणि रडायचंही त्राण त्याला उरलं नव्हतं. बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच हात जोडून म्हणाल्या,

"आजी, तुमच्या घरावर आळ आला तो माझ्यामुळे. डबी माझ्याकडून बदलली. दुसऱ्या घरची तुमच्या नावावर गेली. चूक माझी आहे."

मी बाईंकडे बघतच राहिले. द्वारकेवरून रिक्षा वळवणारं हे माणूस!

आजीने हातातलं फूल खाली ठेवलं. "तुमच्याकडनं? एवढ्या शिकलेल्या तुमी?"

"हो."

"मंग ही उसनं उसनं का म्हनत व्हती?"

"घाबरलेलं माणूस काहीही सांगतं, आजी. चारलं नाही म्हटलं, तर तुम्ही ऐकत नव्हता."

आजीने पुढ्यातली फुलं बाजूला सारली. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "ती पिशवी आत ठेव." सुनेने मान वर केली. तिने बाईंकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला आजही सहन होत नाही. त्या घरात ती एकटीच होती, जिला आमच्याइतकंच खरं माहीत होतं.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "आता माझ्या हातून चूक झालीय, तर यावेळी मी स्वतः येईन," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर डबी भरून नेईन. एकाआड एक दिवस, तीन वेळा." आजीला नाही म्हणायला जागाच उरली नाही. परत येताना रिक्षात मला कळलं, की बाईंनी एका वाक्यात सुनेला सोडवलं होतं आणि त्याच वाक्याने खरी डबी मिळवली होती. मी वर्गात पहिली आले होते. असलं काही मला सात जन्मांत सुचलं नसतं.

ती सकाळ मी विसरणार नाही. साडेसहाला आम्ही अंगणात हजर. मुलगी दोन विटांवर बसलेली, आजूबाजूला आई, बाप, आजी, बाई आणि मी, सगळे तिच्या तोंडाकडे बघत. तिला इतका मान आयुष्यात कुणी दिला नव्हता. ती अंगणवाडीतली गाणी म्हणायला लागली, सगळी, कडव्यांसकट. आजी ओरडली, "आगं, गानी नंतर म्हन!" बाई म्हणाल्या, "म्हणू दे, आम्हाला घाई नाही." आणि विटांसमोर खाली बसून त्या टाळ्यांचा ठेका धरत राहिल्या.

पहिली डबी स्वच्छ निघाली. दुसरीही. आजी खूश. "बघा, म्या काय म्हनत व्हते? सोन्यासारखी पोर हाय." डॉक्टरही म्हणाले, बाई, पुरे आता. दरम्यान धाकट्याला औषध चालू होतं, पण त्याचं वजन उतरतच होतं. बाई म्हणाल्या, जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, म्हणून तर तीन म्हटलं.

तिसऱ्या डबीची काचपट्टी बाईंनी स्वतः लावली. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, एक एक ओळ पुढे सरकत. त्यांचा चहा तसाच निवत राहिला. मी मनात देवाचा धावा करत होते, आणि तो एका चांगल्या मुलीच्या पोटात परजीवी सापडावा म्हणून होता. मग त्यांनी खुर्ची सरकवली आणि मला जागा दिली. आयोडीनने पिवळी झालेली, लांबट गोल, अगदी स्वस्थ कवचं. एक, दोन, बाजूला तिसरं. मी बघत असताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

औषध मुलीला आणि धाकट्याला मिळालं, आणि डॉक्टरांनी घरातल्या मोठ्यांनाही दिलं. कुणामुळे कुणाला झालं, हे बाईंनी त्या घरात कधीच सांगितलं नाही. मुलीला त्यांनी फक्त आपल्यासोबत मोरीवर नेलं आणि साबणाने हात धुवायला शिकवलं, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून. मी हळूच म्हटलं, काही दिवस भरवणंच बंद करायला सांगा ना तिला. बाईंनी मानेनेच नाही म्हटलं. त्या मुलीला म्हणाल्या, "हात धुतलेस ना? जा, आता भरव त्याला."

जुलाब थांबले ते परत आले नाहीत. दिवाळीच्या झेंडूच्या तोडणीला धाकटा फुलांच्या ढिगाला धरून उभा राहत होता.

पण बोलणं पसरायचं ते पसरलं. दवाखान्यातल्या बाई डब्या बदलतात. ज्या वस्त्यांवर त्या उन्हातान्हात हिंडल्या होत्या, तिथल्या आया दार लोटून घ्यायला लागल्या. तुमच्याकडे नको, आमच्या पोराचं भलत्याच्या नावावर जायचं. कुणीतरी वर तक्रार केली आणि निवृत्तीला वर्ष राहिलं असताना बाईंकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी तो आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिला. 'नमुन्याची अदलाबदल झाली. चूक माझी आहे.' मी त्यांच्यापुढे रडले, म्हटलं, मी वरती जाऊन सांगते, चूक माझी होती.

"काय सांगशील? डबी बदललीच नव्हती म्हणून?" बाईंनी कागदाची घडी घातली. "मग सून पुन्हा खोटी पडते. गप्प बसायचं. तुला शिक्षा हवीय ना? हीच समज."

मी गप्प बसले. आजी जिवंत असेपर्यंत बसले. आता आजी गेली, घर सुनेच्या हातात आहे, आणि तीच मागच्या महिन्यात मला म्हणाली, "ताई, आता तरी लिवा की कुठं." बाई हे वाचतील तेव्हा रागावतील. रागावू देत.

बाईंच्या निरोपाचा समारंभ त्या खुलाशानंतर वर्षभराने, आजी असतानाच, दवाखान्याच्या व्हरांड्यात झाला. पंधरा-वीस खुर्च्या, वेफर्स, चहा. मळ्यातलं ते कुटुंब झाडून आलं होतं, शेवंतीचा हार घेऊन. डॉक्टर चांगलं बोलले. बोलता बोलता हसून म्हणाले, "एवढ्या वर्षांत बाईंची एकच चूक झाली, ती आपण विसरून जाऊ." लोक हसले. मी खुर्चीवरून उठायला लागले. बाईंनी तिकडे न बघता माझं मनगट धरून मला खाली बसवलं.

तेवढ्यात आजी उठली. काठी टेकत पुढे आली, बाईंच्या गळ्यात हार घातला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चुकतं मानूस, बाई. मनाला लावून घेऊ नका. म्या तुमाला कवाच माफ केलं."

सून भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंडात पदर धरला होता.

बाई वाकल्या. आजीच्या पायांना हात लावून म्हणाल्या, "तुमचा मोठेपणा, आजी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.